मोजणीदारांच्या अकरा दुरुस्त्या

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याच्या भांडणावर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. त्यांना स्वतःला भांडता येत नसे. भाजीवालीने डोळ्यांदेखत कमी माप टाकलं तरी ते पिशवी उचलून गुमान घरी येत आणि अक्काची, म्हणजे त्यांच्या बायकोची, बोलणी खात. पण इतर कोणा दोघांचं वाजलं आहे असं कानावर आलं, की त्यांचा चेहरा सणासुदीसारखा उजळे. तीस वर्षं लँड रेकॉर्ड खात्यात मोजणीदार म्हणून त्यांनी नगर जिल्ह्यातले बांध मोजले, आणि त्या तीस वर्षांत त्यांचा असा पक्का समज होऊन बसला, की माणसं भांडतात ती वाईट असतात म्हणून नाही. आपली हद्द कुठे संपते हे त्यांना कोणी नीट दाखवलेलं नसतं म्हणून. एकदा दोन्हीकडच्यांना समक्ष बोलावलं, साखळी टाकली आणि कोपऱ्यावर दगड पुरला, की भांडण मिटलं. निदान मिटायला हवं. बांधावर दोन भाऊ दोन बाजूंना दोन डबे घेऊन बसलेले असत. एकाचं जेवण घेतलं तर दुसरा म्हणणार, मोजणीदार फितला. म्हणून हे आधी बांधाच्या अलीकडे बसून एक डबा संपवत, मग पलीकडे जाऊन दुसरा. "सरकारी नोकरीनं मला दुसरं काही दिलं नसेल, पण पोट मात्र दिलं," असं म्हणून ते पोटावरून हात फिरवत. निवृत्त झाल्यावरही सगळं नगर त्यांना मोजणीदारच म्हणे. मीही तेच म्हणत असे. ते मला साडूभाऊ म्हणत, आणि तो शब्द जरा लांबवून म्हणाले की मी समजून जाई, आता काहीतरी टाइप करायचं आहे.

कारण मी जिल्हा परिषदेत टंकलेखक होतो, आणि ते जिल्हा बुद्धिबळ संघटनेचे चिटणीस होते, आणि त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस सहचिटणीस होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. एके दिवशी संघटनेच्या कागदावर खाली माझं नाव छापून आलं, इतकंच.

घरातसुद्धा त्यांचा मोजणीदार सुटत नसे. आमच्या सासूबाई गेल्यावर त्यांच्या पितळी घंगाळावरून दोघी बहिणींत थोडं ताणलं गेलं. फार नाही, महिना-दोन महिने एकमेकींकडे जाणं थांबलं होतं, एवढंच. एका सकाळी टपालाने माझ्या बायकोच्या नावे लांब लिफाफा आला. आत फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की विषयांकित घंगाळाबाबत अमुक वारी सकाळी अकरा वाजता चौकशी ठेवली असून आपण अगर आपले मुखत्यार यांनी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कारवाई केली जाईल. बायकोने तो कागद वाचला आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवला. पण अकराला ती गेली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या, चहा झाला, आईची आठवण निघाली, दोघी रडल्या, मग हसल्या, आणि घंगाळाचं नाव कोणीच काढलं नाही. मोजणीदार बाहेरच्या खोलीत कागद-पेन्सिल घेऊन संध्याकाळपर्यंत पुकारा होण्याची वाट पाहत बसले होते. शेवटी उठून त्यांनी कागदावर "तडजोड" असं लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

बुद्धिबळाशी त्यांची गाठ उशिरा पडली. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना कोल्हारला मोजणीच्या मुक्कामात प्रवरेला पूर आला, काम थांबलं, आणि तिथल्या एका डॉक्टरांनी वेळ जावा म्हणून त्यांना पट मांडून दाखवला. पट पाहून त्यांनी म्हणे आधी घरं मोजली. चौसष्ट घरं, सगळी सारखी, सगळ्यांच्या रेषा सरळ, आणि एकाही घराच्या मालकीबद्दल तक्रार नाही! असं गाव त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. खेळ मात्र त्यांना कधीच जमला नाही. त्याला कारण होतं. समोरच्याचा घोडा घराच्या रेषेला टेकलेला दिसला की त्यांचा जीव कासावीस होई, आणि ते हात पुढे करून तो मधोमध बसवत. आता नियम असा, की दुसऱ्याच्या मोहऱ्याला हात लावलात आणि तो मारता येत असेल, तर मारलाच पाहिजे. पाथर्डीच्या एका वकिलाशी खेळताना त्यांनी असंच एक प्यादं सरळ केलं आणि नियमाप्रमाणे वजीर देऊन ते मारावं लागलं. चार चालींत मात झाली. "हरकत नाही," ते उठताना म्हणाले, "पण ते प्यादं अतिक्रमणात होतं." अशा माणसाला खेळू देण्यापेक्षा चिटणीस केलेलं बरं, असा विचार नगरच्या बुद्धिबळपटूंनी केला आणि एकमताने त्यांना निवडून दिलं. मग जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची तर ते साखळी घेऊन येत. दोन टेबलांमधलं अंतर दोन इंच कमी भरलं, म्हणून पहिली फेरी दीड तास उशिरा सुरू झालेली मला आठवते. खेळाडू बाहेर उन्हात उभे. आत हे गुडघ्यांवर.

त्या स्पर्धेतच आम्हाला बन्सी सापडला. बन्सी सोनईचा, वीज मंडळात वायरमन. पंचविशी ओलांडलेला, रापलेला, कमी बोलणारा माणूस. खेळायला लागला तेव्हा जुन्या पठडीतली दोन-चार माणसं हसली, आणि तिसऱ्या फेरीनंतर हसायची थांबली. सोनईत त्याची ख्याती अशी, की तो खांबावर चढून तारा ओढत असे आणि खाली गावातले शाळामास्तर मांडीवर पट घेऊन बसलेले असत. वरून बन्सी हाक मारी, "मास्तर, उंट घ्या तिकडं कडंला!" मास्तर उंट हलवत, आपली चाल ओरडून सांगत, आणि बन्सी पट न बघता, तोंडात पकड धरून विचार करी. मोजणीदारांनी हे ऐकलं आणि खात्री करायला स्वतः सोनईला जाऊन त्या खांबाखाली उभे राहिले. परत आले ते वेगळेच होऊन. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आपण आजवर स्पर्धा घेतल्या. पण खेळाडू आपल्याला आत्ता मिळाला." पुढे बन्सीने राज्याच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक काढला, आणि देशाच्या स्पर्धेला त्याची निवड झाली. आमच्या जिल्ह्यातून तिथवर पोहोचलेला तो पहिलाच.

नेमकी त्याच सुमाराला देशाच्या संघटनेत फूट पडली. अध्यक्ष दक्षिणेतले एक गिरणीमालक, सरचिटणीस उत्तरेतले एक प्राचार्य. दोघेही इतकी वर्षं खुर्चीवर होते, की त्यांच्याआधी तिथे कोण होतं हे आठवणारी माणसंही थोडीच उरली होती. भांडण कशावरून सुरू झालं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणे परदेशी पाठवायच्या संघावरून, कोणी म्हणे एका समारंभात हार आधी कोणाला घातला यावरून. मला दुसरं कारण खरं वाटतं. बघता बघता दोन कचेऱ्या झाल्या, दोन घटना झाल्या, दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. दोघांच्या कागदांवर घोड्याचंच चित्र. एकाचा घोडा डावीकडे बघे, दुसऱ्याचा उजवीकडे. आम्हाला दोन्ही घोड्यांकडून पत्रं येत आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या घोड्याशी संबंध न ठेवण्याची ताकीद असे.

बन्सीला सरचिटणिसांच्या घोड्याचं पत्र आलं, म्हणून तो तिकडे जाऊन खेळून आला. महिन्याभरात अध्यक्षांच्या घोड्याने त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. बिचारा घाबरला, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने अध्यक्षांना माफीचं पत्र पाठवलं. ते पत्र सरचिटणिसांच्या हाती लागलं आणि त्यांनीही त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. सगळ्या देशात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट होती. दोन्ही पत्रं घेऊन बन्सी नगरला आला, मोजणीदारांच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "साहेब, म्या काय केलं वो? मला बोलावलं, मी गेल्तो. हे दोन हायेत, ते मला कुनी सांगितलंच न्हाई." मोजणीदार कितीतरी वेळ ती दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "बन्सी, तुझं म्हणणं कोणी ऐकलं का? समक्ष बोलावलं होतं?" बन्सीने नकारार्थी मान हलवली. "न ऐकताच निकाल दिला?" त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच राग ऐकला. तीस वर्षांत त्यांनी लगतच्या कब्जेदाराला नोटीस दिल्याशिवाय एक वीत जमीन मोजली नव्हती.

तिथून दुरुस्त्यांना सुरुवात झाली. देशाच्या संघटनेची घटना दुरुस्त केल्याशिवाय हे थांबणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. पहिला मसुदा त्यांनी मराठीत लिहिला. त्याच्या पहिल्या कलमात बुद्धिबळाच्या पटाच्या चतुःसीमा दिल्या होत्या. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, सगळं. तो भाग मी काढून टाकला, त्याबद्दल त्यांनी मला वर्षभर क्षमा केली नाही. हळूहळू अकरा दुरुस्त्या तयार झाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या चांगल्या होत्या. कोणीही दोन मुदतींपेक्षा जास्त पदावर राहू नये. खेळाडूंचे प्रतिनिधी खेळाडूंनीच निवडावेत. म्हणणं ऐकल्याशिवाय कोणावर बंदी घालू नये. बाकीच्याही अशाच, साध्या आणि सरळ. मी त्यांचं इंग्रजी करायचं, टाइप करायचं, ते वाचायचे, एखादा शब्द हद्दीबाहेर गेलेला त्यांना दिसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. देशभरच्या राज्य संघटनांना पत्रं गेली. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांनी आपण कोणत्या घोड्याचे आहोत तेवढंच कळवलं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. दिवसभर कचेरीत मी दुष्काळी कामांचे कागद बडवत असे. कुठे खडी फोडायचं काम काढायचं, कुठल्या गावाला टँकर जायचा, बोटं दुखून यायची. घरी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, म्हणजे मिलोच्या, भाकरी, नळाला दोन दिवसांआड पाणी, आणि संध्याकाळी ओट्यावर हे हजर. "साडूभाऊ, सातव्या दुरुस्तीत एक स्वल्पविराम." एकदा मी चिडलो. म्हणालो, "मोजणीदार, जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही बुद्धिबळाच्या घटनेतला स्वल्पविराम घेऊन बसलात?" ते हळू आवाजात म्हणाले, "पाण्याचं मला काही करता येत नाही हो. हे येतं." त्यानंतर मी कधी बोललो नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता.

तीन वर्षं अशी गेली. मग सरकारने दोन्ही घोड्यांना कळवलं, की एकत्र बसून एकमताचा ठराव करा, नाहीतर दोघांचीही मान्यता जाईल आणि परदेशी संघ जायचा नाही. ताबडतोब दोन्हीकडे समेटाचं प्रेम उफाळलं. पण बैठक कुठे घ्यायची यावरच दोन महिने गेले. उत्तरेत म्हटलं की दक्षिण रुसे, दक्षिणेत म्हटलं की उत्तर. तेव्हा मोजणीदारांनी भिंतीवरचा भारताचा नकाशा उतरवला, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, पट्टी लावली आणि दोन्ही बाजूंना लिहिलं, की मध्य नागपूरच्या आसपास पडतो, सबब बैठक नागपूरला घ्यावी. मोजमापापुढे कोणाला काही बोलता येईना. बैठक नागपूरला ठरली. आणि आमच्या राज्य संघटनेतही दोन तट असल्यामुळे, दोघांचाही नसलेला आणि म्हणून दोघांनाही चालणारा एकमेव माणूस म्हणून राज्याचा प्रतिनिधी म्हणून मोजणीदारच निवडले गेले. सोबत मी, आणि टाइप केलेल्या दुरुस्त्यांची पिशवी. मनमाडला गाडी बदलताना ती पिशवी त्यांनी एकदाही माझ्या हातात दिली नाही.

नागपुरात एका मंगल कार्यालयात बैठक होती. अध्यक्षांची माणसं पुढच्या दाराने आली, सरचिटणिसांची मागच्या. सभेचा अध्यक्ष कोण, यावर तासभर आरडाओरडा झाला आणि शेवटी कोणीतरी म्हणालं, ते नकाशावाले कुठे आहेत? अशा रीतीने जिल्ह्याच्या स्पर्धेपलीकडे काही न पाहिलेले माझे साडू देशाच्या संघटनेच्या सभेत मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. काळा कोट घातला होता, लग्नातला. घाम पुसत ते आपल्या नगरी हिंदीत म्हणाले, "हम दोनों बाजू का समक्ष सुनेगा. कोई बीच में नहीं बोलेगा." आणि आश्चर्य म्हणजे कोणी बोललं नाही. दुपारपर्यंत त्यांनी एकेकाचं म्हणणं ऐकलं. चार वर्षांत त्या माणसांचं म्हणणं कोणी इतकं नीट ऐकलं नसावं. काही जण बोलता बोलता मवाळ झालेले मी डोळ्यांनी पाहिले. मला वाटून गेलं, की हा माणूस हे खरंच जमवून आणणार.

जेवणानंतर त्यांनी दुरुस्त्या वाचायला घेतल्या. पहिली वाचली: कोणीही दोन मुदतींपेक्षा जास्त पदावर राहू नये. गिरणीमालकांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी गिरणीमालकांकडे पाहिलं. मला वाटतं, चार वर्षांत प्रथमच. दुसरी दुरुस्ती वाचून होते न होते तोच दोघेही उठले आणि चहासाठी दहा मिनिटं मागून बाहेर गेले. एकाच दाराने. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर होता. समेट झाला होता. अध्यक्ष अध्यक्षच राहणार, सरचिटणीस सरचिटणीसच राहणार, आणि दुरुस्त्या अभ्यासासाठी एका उपसमितीकडे जाणार. टाळ्या वाजल्या. काही लोक खरंच रडले.

पण ठराव एकमताचा हवा होता, आणि एक मत मोजणीदारांचं होतं. ते मधल्या खुर्चीवर तसेच बसून होते. त्यांनी विचारलं, "और खिलाड़ी लोगों की बंदी?" प्राचार्य हसून म्हणाले, तेही उपसमिती बघेल, सावकाश. मोजणीदारांनी नकारार्थी मान हलवली. मग सगळे त्यांच्याभोवती जमा झाले. कोणी त्यांना दादा म्हणालं, कोणी देशाची शपथ घातली, कोणी उपसमितीचं अध्यक्षपद देऊ केलं. ते उठले आणि म्हणाले, पाच मिनिटं. आम्ही व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. बाहेर नागपूरचं ऊन रणरणत होतं.

मला खरं तर घरी जायचं होतं. पण त्या क्षणी माझंच डोकं फिरलं. मी म्हणालो, "मोजणीदार, सही करू नका. तुमच्या एका मताशिवाय यांचं काही चालत नाही. तीन वर्षं टाइप केलंय मी हे. अडून बसा. पहिल्या तीन दुरुस्त्या तरी घ्यायला लावा."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. म्हणाले, "साडूभाऊ, बन्सीचं वय काय असेल हो आता?"

"तीस-एकतीस."

"पाच वर्षांची बंदी. तीन गेली." ते बोटांवर मोजत होते. "मी अडून बसलो तर हे मोडणार. मोडलं की उरलेली दोन वर्षंही तशीच. तोवर त्याचा खेळ टिकेल का?"

"ते एकट्या बन्सीचं झालं," मी म्हणालो. "इथे देशाच्या संघटनेचा प्रश्न आहे."

"हो ना," ते म्हणाले. "तेच बघतोय."

आणि ते आत गेले. मधल्या खुर्चीवर न बसता उभेच राहिले आणि म्हणाले, की मी माझ्या अकराही दुरुस्त्या मागे घेतो. उपसमितीकडेही पाठवू नका. त्याच्या बदल्यात, दोन्ही बाजूंनी ज्या ज्या खेळाडूंवर बंदी घातली आहे ती सगळी आज, आत्ता, माझ्यासमोर उठवा. प्राचार्य म्हणाले, जे माफी मागतील त्यांची उठवू. मोजणीदार म्हणाले, "नहीं. सबकी." गिरणीमालक म्हणाले, यादी नंतर करू. मोजणीदारांनी खिशातून यादी काढली. दोन्ही बाजूंची मिळून सव्वीस नावं होती. त्यांनी ती कधी जमवली होती, मला माहीत नव्हतं. खाली दोघांच्या सह्या झाल्या. शाई वाळेपर्यंत त्यांनी तो कागद हातातून सोडला नाही. मग एकमताच्या ठरावावर स्वतःची सही केली आणि मला म्हणाले, "चला, गाडी आहे."

परतीच्या प्रवासात दुरुस्त्यांची पिशवी माझ्याकडेच होती. त्यांनी ती मागितली नाही.

दोन दिवसांनी आम्ही सोनईला गेलो. बन्सी घरीच होता. मोजणीदारांनी कागद पुढे केला. बन्सीने तो दोनदा वाचला, घडी घातली, उघडून पुन्हा वाचला. आतून त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "तीन वरीस झाली, मास्तर बोलवायला येत्यात आन् हे जात न्हाईत. पट बघितला की उठून जात्यात." बन्सी खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "साहेब, आता जमंल का न्हाई, काय सांगावं. लई दिस झाले." मोजणीदार म्हणाले, "न जमलं तर न जमलं. पण ते तू ठरवायचं. त्यांनी नाही." बन्सीच्या बायकोने आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. मिलोची भाकरी होती आणि वर तेल टाकून लसणाची चटणी. मोजणीदार भरपूर जेवले.

बन्सी पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेला गेला. मोठं काही झालं नाही. जिंकला कमी, हरला जास्त. एका नामांकित खेळाडूला मात्र त्याने सहा तास झुलवून बरोबरीत रोखलं, आणि तो डाव एका इंग्रजी पेपरात छापून आला. नाव चुकीचं छापलं होतं. पुढेही तो वर्षातून एक-दोन स्पर्धा खेळत राहिला. समेट दीड वर्ष टिकला. मग अध्यक्ष आणि सरचिटणीस पुन्हा वेगळे झाले, पुन्हा दोन घोडे आले, आणि आमच्या ओट्यावर पुन्हा दोन्हीकडची पत्रं येऊ लागली. मोजणीदार ती उघडून वाचत, एकावर एक ठेवत, पण उत्तर लिहायला मला कधी सांगितलं नाही. चिटणीसपदही त्यांनी सोडलं. दोन मुदती झाल्या होत्या म्हणाले. दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि आजही आहे.

नंतर त्यांची नजर गेली. मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवत असे. शेवटच्या आजारपणात, अक्का औषध आणायला गेली असताना, त्यांनी एकदम मला थांबवलं. "साडूभाऊ," ते म्हणाले, "नागपूरला मी अडून बसलो असतो, तर त्यांनी माझ्या दुरुस्त्या घेतल्या असत्या का हो?"

मला उत्तर माहीत होतं. घेतल्या नसत्या. आमची गाडी मनमाडला पोहोचायच्या आत त्यांनी दुसरा कोणी तरी प्रतिनिधी उभा केला असता. आयुष्यभर मी या माणसाला सगळं तोंडावर सांगत आलो होतो.

"घेतल्या असत्या," मी म्हणालो. "त्यांना दुसरा इलाजच नव्हता."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"म्हणजे त्या दिवशी मी फार मोठी गोष्ट सोडली म्हणायची," ते म्हणाले.

"फार मोठी," मी म्हणालो, आणि पेपरचं पान उलटलं.